भिंतीच्या खिळ्यांच्या निवडीबाबत

घर मालकाच्या पुण्याईवर उभं राहतं, असं जगभर मानतात. अमेरिकेत मिसिसिपी राज्याच्या समुद्रकिनाऱ्यावर पुण्याईसोबत थोडे खिळेही वापरतात.

व्हर्लिन हॅचरने गरोदर लेकीसाठी, डार्लासाठी, लाकडी घर बांधायला घेतलं. वादळांच्या मोसमाआधी तिला त्यात आणायचं होतं. नियमानुसार सांगाड्याला साडेतीन इंच लांबीचा जाड खिळा लागतो आणि सांगाड्यावरच्या प्लायवूडला अडीच इंची, अंगावर कंगोरे असलेला. (हा नियम वादळं पाहून केल्यामुळे त्यात काटकसरीचा विचार झालेला नाही.)

व्हर्लिनने प्लायवूडसाठी बारीक, गुळगुळीत खिळे उचलले. दुकानदार ऑर्विल म्हणाला, "अरे, यांनी फोटो टांगतात, भिंत नाही!"

"वरून फळ्या बसल्यावर कोण बघतंय?"

"वारा बघेल की."

"वाऱ्याला काय कळतंय त्यातलं? तू पेट्या भर."

मुद्दा बिनतोड होता. पुढे व्हर्लिनने खिळे मारायच्या बंदुकीचा जोर पूर्ण वाढवला, कारण खिळा जितका आत तितका पक्का, अशी त्या भागातली श्रद्धा आहे. खिळ्यांची डोकी प्लायवूड फोडून आत गेली. डोक्यानेच प्लायवूड धरलेलं असतं, त्यामुळे आता ते धरायला सद्भावना तेवढी उरली. सरकारी तपासनीस आले, थंडगार गाडीतूनच त्यांनी भिंतींचं सखोल निरीक्षण केलं आणि सही दिली. वास्तुशांतीला झिंगे खायला आलेल्यांपैकी शंभर टक्के पाहुण्यांनी स्वयंपाकघराचा दगडी ओटा चोळून पाहिला. खिळ्यांची चौकशी करणारे शून्य टक्के.

ऑगस्टात वादळ आलं. डार्ला शाळेतल्या निवाऱ्यात होती म्हणून वाचली. परतली तेव्हा ओटा जागेवर होता आणि दक्षिणेची भिंत दुसऱ्याच्या शेतात. बाळासाठी रंगवलेली खोली त्याच बाजूला होती.

पोटावर हात ठेवून ती म्हणाली, "बाबा, शेजारच्यांची भिंत कशी राहिली मग?"

व्हर्लिनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "त्यांच्याकडे वारा कमी लागला असेल गं," तो म्हणाला. पुढे सरकारी चौकशीतही हेच सिद्ध झालं, आणि वारा एकमताने दोषी ठरला.

व्हर्लिनला नावं ठेवायला हरकत नाही. तुम्ही जाणकार आहात. घर घेताना तुम्ही भिंतीवर बोटाने टकटक केलीत, क्षणभर कान दिलात आणि "भक्कम आहे" म्हणून मान डोलावलीत. काय ऐकू आलं हो?