भीतीचं प्रमाणित अंतर

घरमालकांच्या असोसिएशनचं दुसरं पत्र आलं तेव्हा बारकी सोफ्यावर बसली होती. म्हणजे तिचा मागचा भाग सोफ्यावर होता आणि पुढचे दोन्ही पाय जमिनीवर. ग्रेट डेन जातीची कुत्री अशीच बसतात, स्टॅंडवर बसची वाट बघणाऱ्या माणसासारखी.

"बाबा, धिस इज सीरियस," ऋषी लॅपटॉपवरून वाचत म्हणाला. "तळ्याकाठी अतिशय मोठा कुत्रा फिरतो, ज्येष्ठ नागरिक भयभीत आहेत. आता थर्ड कम्प्लेंट आली की हिअरिंग. आणि हिअरिंग कुत्र्यानं जिंकल्याचं मी तरी ऐकलेलं नाही."

"भुंकली का ती कुणावर?" गुरुनाथ सबनीसांनी विचारलं.

"भुंकायला कशाला पाहिजे, बाबा? साइज बघा तिची," सूनबाई हिमानी म्हणाली. "ऋषीच्या ऑफिसमधला राज घ्यायला तयार आहे. ॲशव्हिलजवळ डोंगरात दहा एकर जागा आहे त्याची. मस्त मोकळी फिरेल."

अमेरिकेतल्या त्यांच्या कॅरी गावाहून ॲशव्हिल गाडीनं चार तास. गुरुनाथांना गाडी चालवता येत नव्हती. बारकीनं मान लांब करून त्यांच्या चहाच्या कपात बघितलं, आणि त्यांनी तळाचा घोट नेहमीप्रमाणे तिच्यासाठी ठेवला.

नऊ पिल्लांमधलं सगळ्यात लहान पिल्लू म्हणून गुरुनाथांनीच तिचं नाव बारकी ठेवलं होतं. दोन वर्षांत ती चौसष्ट किलोंची झाली, पण हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

गुरुनाथ सातारा जिल्ह्यात वजन-मापे निरीक्षक होते. तीस वर्षं त्यांनी दुकानदारांचे तराजू तपासले, खोटी मापं जप्त केली आणि खऱ्यांवर शिक्के मारले. निवृत्त झाले तरी हात शिवशिवत होता. बारकीला फिरवताना कोण किती अंतरावरून रस्ता बदलतो, याची ते खिशातल्या वहीत नोंद ठेवत. 'जॉगिंगवाला, कानात यंत्र: १२ फूट (उशिरा दिसली). टपालवाली: ० फूट, बिस्किट दिलं. देशी पंचक: ४० फूट.'

देशी पंचक म्हणजे मुलांकडे येऊन राहिलेल्या पाच बायका. रोज संध्याकाळी साडेपाचला त्या तळ्याला फेरी मारत. साडी नाहीतर पंजाबी ड्रेस, पायात स्पोर्ट शूज आणि वरून मुलाच्या कंपनीचं हूडी. पुढे नागपूरच्या सुवर्णाताई, हातात मिटलेली छत्री. बारकी दिसली की सुवर्णाताई "बाप्पाऽ!" म्हणत आणि पाचही जणी एका दमात मागे वळत. त्या आठवड्यात पाइनचे पराग पडून रस्ते हळदीसारखे पिवळे झाले होते. त्यामुळे बुटांच्या पाच जोड्या नेमक्या कुठे वळल्या, ते उमटून राहायचं. निरीक्षकाला आणखी काय हवं?

ज्येष्ठ नागरिक भयभीत म्हणजे ह्याच, हे उघड होतं. गुरुनाथांनी ठरवलं, चाळीस फुटांचं शून्य करायचं. नाहीतर बारकी डोंगरात जाणार.

पहिला उपाय म्हणून त्यांनी इंडियन ग्रोसरीतून घुंगरं आणून तिच्या पट्ट्याला बांधली. वळणावर अचानक समोर आली म्हणून माणसं दचकतात, आधी आवाज आला तर दचकणार नाहीत, हा हिशोब. हिशोब चुकला. आधी बायका बारकीला बघून वळत होत्या, आता ऐकूनच वळू लागल्या. वहीत नोंद झाली: '११० फूट.'

मग हिमानीनं ऑनलाइन पिवळं जॅकेट मागवलं. त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं, 'मी प्रेमळ आहे'. पण ते वाचायला दहा फुटांवर यावं लागे, आणि लांबून जॅकेट थेट पोलिसी दिसे. जॉगिंगवाल्यानं कानातलं यंत्र काढून विचारलं, "सर, कोणी फरार झालंय का?" त्या संध्याकाळी तळ्याकाठी कुणीच फिरकलं नाही.

"बाबा, तुम्ही वाढवताय हो प्रॉब्लेम," ऋषी म्हणाला. "मी राजला फोन करू का?"

"रविवारपर्यंत थांब," गुरुनाथ म्हणाले. "रविवारी तिचा वाढदिवस आहे. औक्षण करू."

"कुत्रीचं?"

"चौसष्ट किलोंना त्या बायका नाही म्हणतील. निरांजनाला नाही म्हणणार नाहीत."

हिमानीनं पाच घरी फोन केले. साबुदाणा वड्यांचाही उल्लेख केला. रविवारी पाचही जणी आल्या, पण मागच्या अंगणात शिरताना एकमेकींची हूडी धरून आल्या. गुरुनाथांनी पाटाभोवती रांगोळी काढली होती. पाटावर बारकीचा एक पाय मावला.

"पहिली सीमा जाईल," सुवर्णाताईंनी जाहीर केलं.

"मीच का?" सीमाताई पाचांत सगळ्यात लहानखुऱ्या.

"तू बारीक आहेस ना, पळायला सोपं."

सीमाताई तबक घेऊन पुढे झाल्या. त्यांनी डोळे मिटून बारकीच्या कपाळाच्या अंदाजानं कुंकू लावलं, ते नाकाला लागलं. बारकी शिंकली. सीमाताई मागे सरकल्या, मागे खुर्ची होती, त्या धपकन बसल्या. बारकीला वाटलं, बसायची वेळ झाली. ती वळली आणि मागचा भाग अलगद सीमाताईंच्या मांडीवर टेकवून, पुढचे पाय हिरवळीवर ठेवून, वड्यांच्या ताटाकडे बघत बसली.

बाकीच्या चौघींनी पुन्हा एकमेकींची हूडी धरली.

"सीमा, जिवंत आहे का गं?" सुवर्णाताईंनी हळूच विचारलं.

"आहे," बारकीच्या मागून आवाज आला. "अगं, ऊबदार आहे गं ही! माझे गुडघे शेकतायत."

पुढच्या पाच मिनिटांत बारकीचं पाच वेळा औक्षण झालं, तिला 'बाळ' म्हटलं गेलं आणि इलाताईंनी तिच्या कानामागे काजळाची तीट लावली. कुत्री काळीच असल्यामुळे ती दिसली नाही, पण लावली. रात्रीची जेवणं व्हायच्या आत गुरुनाथांनी वहीत लिहिलं, '० फूट', आणि खाली दोन रेघा मारल्या.

सोमवारी साडेपाचला ते बारकीला घेऊन ऐटीत निघाले. पंचकातल्या चौघीच आल्या. बुधवारी दोघी. शुक्रवारी तळ्यावर फक्त बदकं होती. बारकी प्रत्येक वळणावर थांबून वाट बघायची. गुरुनाथांना वाटलं, वडे बाधले की काय?

शनिवारी टपालपेट्यांपाशी सुवर्णाताई भेटल्या. बाबागाडी ढकलत होत्या, छत्री नव्हती.

"काय सुवर्णाताई, फिरायला येत नाही? आता तर भीती गेली ना?"

"तेच तर झालं ना, भाऊ!" सुवर्णाताईंनी बाबागाडीला ब्रेक लावला. "तुम्ही आमचं वाटोळं केलं. चांगलं घाबरत होतो आम्ही."

"म्हणजे?"

"आता पाहा. कुत्रं आहे, एकटीनं जाता येत नाही, पाचजणी मिळून जावं लागते, आणि पाचींची वेळ साडेपाचचीच, हे घरी सगळ्यांना मान्य होतं. साडेपाच ते साडेसहा आम्हाला कोणी काम सांगत नव्हतं. आता घरचे सगळे वाढदिवसाचे फोटो पाहून बसले. सून म्हणते, आई, आता कधीही जा ना, तेवढं माझ्या मीटिंगमध्ये बाळाला पाहा. सीमा साडेपाचला पोळ्या लाटून राहिली. कधीही जा म्हणजे कधीच नाही, भाऊ."

गुरुनाथ निरीक्षक होते, पण ह्या तराजूचं हे पारडं त्यांनी कधी तपासलंच नव्हतं.

"आणि त्या कम्प्लेंटी?" त्यांनी विचारलं.

सुवर्णाताईंनी बाळाचं टोपडं नीट असताना पुन्हा नीट केलं. "त्या मीच टाकल्या. नातीकडून इंग्लिश करून घेतलं. असोसिएशनचं पत्र सगळ्या घरी जाते ना. 'ज्येष्ठांनी गटानेच फिरावे' असं छापून आलं. फ्रिजवर लावलं होतं मी, मॅग्नेटनं."

"ताई, तुमच्या त्या मॅग्नेटपायी बारकी ॲशव्हिलला चालली होती. अजून एक कम्प्लेंट आली असती तर गेलीच होती."

सुवर्णाताईंचा चेहरा खर्रकन उतरला. "कायमची?"

"चार तासांवर. आणि मला गाडी येत नाही."

मग गुरुनाथांनी खिशातून वही काढली. जुन्या सवयीनं त्यांचा आवाज सरकारी झाला. "असं करू. घाबरायचं, पण तोंडी. लेखी अजिबात नाही."

"मंजूर. पण तिला भुंकायला लावाल का जरा?"

"तिला येत नाही."

"राहू द्या. नुसती उभी राहिली तरी पुरते. आमच्या खिडक्यांसमोरून न्या. किती लांबून ओरडू?"

"तीस फूट," गुरुनाथ म्हणाले आणि लिहून ठेवलं. 'प्रमाणित.' शिक्का नव्हता, म्हणून सही केली.

सोमवारी सीमाताईंच्या खिडकीसमोर बारकी येऊन उभी राहिली आणि नेमक्या तीस फुटांवरून पाच बायका अशा किंचाळल्या, की आत मीटिंगमध्ये असलेल्या सीमाताईंच्या सुनेनं म्यूट दाबून ओरडून सांगितलं, "आई, एकट्या जाऊ नका हं! सगळ्यांबरोबरच राहा!" पाच मिनिटांनी, खिडक्या संपतात त्या तळ्यामागच्या बाकावर, बारकी सीमाताईंच्या मांडीवर बसून त्यांचे गुडघे शेकत होती. तिसरं पत्र आलं नाही. ऋषीनं राजचं नाव काढणं बंद केलं.

पुढच्या गुरुवारी गुरुनाथ बूट घालत असताना हिमानी म्हणाली, "बाबा, आता त्या काकू काही बारकीला घाबरत नाहीत ना? मग वॉकचं टायमिंग बदलाल का? साडेपाचला डिशवॉशरवाला येतो म्हणालाय. मला आणि ऋषीला कॉल आहे. तुम्ही घरी थांबलात तर बरं होईल."

गुरुनाथांचा हात बुटाच्या नाडीवर थांबला. त्यांनी गंभीरपणे वही उघडून तिच्यासमोर धरली. "तीस फूट. अजून फार घाबरतात गं. मी नसलो तर काय होईल सांगता येत नाही."

तेवढ्यात घड्याळात साडेपाच झाले आणि बाहेरून सुवर्णाताईंची किंकाळी आली. "बाप्पाऽऽ! आलं गं ते कुत्रं!"

हिमानीनं खिडकीकडे बघितलं. मग सोफ्याकडे बघितलं. सोफ्यावर मागचा भाग आणि जमिनीवर पुढचे पाय ठेवून बारकी शांतपणे आपल्या दोरीची वाट बघत होती.

गुरुनाथांनी वही मिटून खिशात ठेवली आणि खूप वेळ नाडी बांधत बसले.

हिमानीनं खुंटीवरची दोरी काढून त्यांच्या हातात दिली. "जा बाबा, लवकर निघा," ती म्हणाली. "बायका घाबरायच्या खोळंबल्यात."