निळ्या कोटाची मोहीम

आत्यासाहेबांचे सेवेशी. आपण गेल्या रविवारी फोनवरून आज्ञा केली की, "पोरीच्या कॉलेजच्या मदतीचं नेमकं झालं काय, मला कुणी धड सांगेल का?" त्यावरून सेवकाने उभयपक्षीं विचारपूस केली, आणि जे ऐकिले ते पदरचे काही न घालिता, घातलेच तर शोभेल इतुकेच घालोन, येथे लिहिले आहे. पूर्वी राजे मुलखाकरितां लढले, त्यांच्या लढाया लिहिण्यास कारकुनांच्या फौजा बसल्या. परंतु एका टेलरच्या कन्येने विद्यापीठाकडून फीची मदत मिळविली, आणि त्याहून अवघड म्हणजे ती राखिली, हा पराक्रम लिहिण्यास कोणी दौत उघडिली नाही. सबब सेवकाने लेखणी उचलिली आहे. शांतपणे ऐकावे.

तर आपले बंधू, म्हणजे मास्तर, यांचे दुकान जिन्याखाली. तेथे उंच माणसाने बसावे आणि लहान माणसाने उभे राहावे, ऐसी जागा. नवे कपडे शिवून घेणे लोकांनी कधीच सोडिले. लोक तयार कपडे आणितात, आणि मग पोट पुढे येते, आणि मग मास्तरांकडे येतात. कंबर सैल करणे, चेन बदलणे, पायघोळ पँट आखूड करणे, ऐसा मास्तरांचा कारभार. त्यांची वडील कन्या थोरली, आकड्यांत हुशार, तिने संख्याशास्त्राच्या पदवीस प्रवेश मिळविला. घरात आनंदीआनंद जाहला. आणि मग फीचा कागद आला. मास्तरांनी चष्मा काढिला, पुसिला, पुन्हा लाविला. आकडा जागचा हलला नाही.

तेव्हां मसलत होऊन विद्यापीठाच्या अर्थसहाय्य कक्षावर चालून जावे ऐसे ठरले. अर्ज संगणकावर करावयाचा होता. थोरलीने नाव भरिले, गाव भरिले, आईबापांचे उत्पन्न भरिले, आणि मग फोटो चढविला, तो यंत्राने "फार मोठा आहे" म्हणोन परत फेकिला. लहान केला, तो "फार लहान आहे" म्हणोन फेकिला. आणि नेमका बसला तेव्हां "आपली वेळ संपली आहे" ऐसे यमदूतासारखे वाक्य पडद्यावर उमटोन सर्व भरलेले पुसोन गेले. पुन्हा आरंभ केला. अर्ज गेला. मग कक्षाच्या खिडकीवर हजर होण्याचे फर्मान सुटले.

त्या खिडकीचे मालक खिडकीवाले भाऊ, मोठे मुरब्बी. त्यांची रीत ऐसी की कमी असलेले कागद एकदम कधी सांगावयाचे नाहीत. एक सांगावा, तो आणिला की दुसरा सांगावा. सर्व एकदम सांगितले तर माणसे एकाच फेरीत मोकळी होतील, आणि मग खिडकीचा दरारा तो काय राहील? थोरली उन्हातून गेली, पावसातून गेली, आणि दर खेपेस भाऊ चहाचा कप खाली ठेवोन म्हणत, "एक कागद कमी आहे बघा." अखेर एके दिवशी त्यांस मागावयास कागद सुचेना. त्यांनी खण उघडिला, मिटिला, छताकडे पाहिले, आणि नाइलाजाने शिक्का मारिला. पहिल्या वर्षाची फी माफ जाहली.

परंतु गड घेणे निराळे आणि गड राखणे निराळे. मंजुरीच्या पत्रामागे बारीक अक्षरांत कलमे होती. विद्यार्थ्याने सर्व विषयांत पास व्हावे, हजेरी पुरी ठेवावी, आणि कुटुंबाची परिस्थिती पूर्ववत असावी. म्हणजे पोरीने दर वर्षी पुढे जावे आणि घराने जागचे हलू नये, ऐसा बंदोबस्त. थोरलीने आपला भाग चोख केला. ताप अंगात असता तिने परीक्षा दिली, आणि पेपरावर नाक गळो नये म्हणोन डाव्या हाताने रुमाल धरोन उजव्या हाताने गणिते सोडविली. सर्व विषय सुटले. घरानेही आपला भाग चोख केला, जागचे तिळभर हलले नाही.

मग दुसऱ्या वर्षाच्या आरंभी खलिता आला की, मदत चालू ठेवणेकामी समितीपुढे समक्ष पडताळणीस हजर व्हावे. येथेच घात जाहला, आणि तो शत्रूने केला नाही, मास्तरांनी केला. थोरलीचा स्वेटर कोपरांशी उसवला होता. मास्तर म्हणाले, "माझी पोर चार मोठ्या माणसांपुढं असल्या स्वेटरवर जाणार? मग मी टेलर कशाला झालो?" आईसाहेब भांडी विसळीत होत्या, तेथूनच म्हणाल्या, "अहो, ती मागायला चाललीय, मिरवायला नाही." परंतु कारागिरास चेव आला असता बायकोचे शहाणपण कानी जात नाही.

दुकानात एक निळा कोट टांगलेला होता. कोणी स्थूल गृहस्थ तो सैल करावयास देऊन गेले आणि परत आलेच नाहीत. बहुधा कोट सैल होईतो गृहस्थ त्याहूनही पुढे गेले असावेत. "तीन महिन्यांत माल न नेल्यास दुकान जबाबदार नाही" ही पाटी त्याच्याच डोक्यावर, आणि तिच्याखाली कोट वर्षानुवर्षे ताटकळला. मास्तरांनी तो उसविला, कापड उलटे करोन वापरिले, थोरलीच्या मापाचा बेतिला, खांदे बसविले, कॉलर वळविली. अस्तरापुरते कापड उरले नाही, तेव्हां घरात होते ते जोडिले. कोट ऐसा उतरला की जिन्यात शेजारीण आडवी आली आणि म्हणाली, "अगंबाई! कितीला पडला?" त्याच वेळी मास्तरांनी सावध व्हावयाचे होते. ते खूश जाहले.

समितीत तीन असामी. अध्यक्ष महाशय, चष्मा साखळीने गळ्यात बांधिलेल्या एक बाई, आणि तिसरे सभासद, ज्यांचे काम मान डोलाविणे आणि बिस्किटे संपविणे. थोरली आत गेली. तिने प्रश्नांची उत्तरे नीट दिली, गुणपत्रिका पुढे ठेविली. गुणपत्रिका कोणी उघडिली नाही. तिघेही कोट पाहत होते. आठवड्याने निकाल आला की, अर्जदाराची राहणी पाहता कुटुंब सुस्थितीत असल्याचे दिसते, सबब मदत तहकूब. महिनाअखेर फी न भरिल्यास नाव कमी करण्यात येईल.

मास्तरांनी तो कागद मशिनीवर बसोनच वाचिला, आणि मग शिवावयास घेतलेली चेन उलटी लाविली. तीस वर्षांत ऐसे कधी घडले नव्हते. आईसाहेबांनी "मी म्हटलं नव्हतं?" हे वाक्य ओठांवर आणिले आणि गिळिले, त्यांच्या संसारातील हा सर्वांत मोठा संयम होय. थोरलीने निमूटपणे अपिलाचा अर्ज लिहिला. ती बापावर रागावली नव्हती. बाप आपल्याशी बोलावयास कचरतो, जेवताना मान वर करीत नाही, याचेच तिला रडू येत होते.

अपील घेऊन खिडकीवर जाता भाऊंनी अर्ज वरून खालपर्यंत पाहिला.

"कोटाची पावती जोडा."

"कोट घरी शिवलाय, भाऊ. विकत घेतलेला नाही."

"मग विकत न घेतल्याची पावती जोडा."

मास्तरांनी दुकानाचे पावतीपुस्तक काढिले आणि पेन हाती घेऊन बसले. कोटाची खरी किंमत लिहावी तर दुकानाचे उत्पन्न वाढते. फुकट लिहावे तर ऐसे कोट फुकट वाटणारे दुकान सधन ठरते. संख्याशास्त्र शिकणारी कन्या बाजूस बसली असोनही हे गणित सुटेना, आणि अपील पावतीवाचूनच रवाना जाहले.

मग दुसऱ्या सुनावणीचा हुकूम आला की, अर्जदाराने पालक आणि सदर कोट यांसह हजर राहावे. आईसाहेबांनी आज्ञा केली की थोरलीने जुना स्वेटर घालावा आणि कोट पिशवीत न्यावा. परंतु सकाळी थंडी ऐसी पडली की स्वेटरवर कोट घालावाच लागला. मास्तरांनी इस्त्रीचा सदरा घातला आणि गडबडीत गळ्यातील टेप काढावयाची राहिली, ती घेऊनच निघाले. वाटेत मास्तर लेकीच्या दोन पावले पुढेच चालले.

सुनावणीच्या दालनात हीटर समितीच्या पायांशी होता आणि अर्जदाराची खुर्ची दाराशी होती. अध्यक्ष महाशयांनी कोटाकडे बोट करोन फर्माविले की, ऐसा कोट वापरणारे घर मदत मागते, हे आम्ही वर कोणत्या तोंडाने कळवावे? थोरलीने सांगितले की कोट बाबांनी शिवला, टाकून दिलेल्या कोटातून शिवला. अध्यक्षांनी विचारिले, पुरावा? तिसऱ्या सभासदांनी मान डोलाविली.

पुरावा थोरलीच्या अंगावरच होता, आणि ती जाणत होती. परंतु ती हेही जाणत होती की तिच्या बापाने जन्मभर गिऱ्हाइकाच्या हाती कपडा देताना सुलटा करोन दिला. घरची गरिबी आत शिवोन टाकिली होती, ती चार परक्यांपुढे उघडी करावी, आणि बापाने ते समोर बसोन पाहावे, हे तिच्याने होईना. अध्यक्षांनी फाईल मिटावयास घेतली. सबंध वर्षाची मेहनत त्या फाईलबरोबर मिटत होती.

तेव्हां दाराशी बसलेले मास्तर उठले.

"कोट उलटा कर," ते म्हणाले.

"नको ना, बाबा."

"कर गं. शिवण माझी आहे, चोरीची नाही."

थोरलीने कोट काढिला, बाह्या ओढिल्या, आणि उलटा करोन मेजावर ठेविला. आत सारे घर होते. पाठीला आईच्या फाटक्या पडद्याची फुले, बगलेत मास्तरांच्या पायजम्याच्या रेघा, एका बाहीत मोडक्या छत्रीचे काळे कापड, दुसरीत थोरलीच्या शाळेच्या गणवेशाचा बाहीपुरता उरलेला तुकडा. खिशास पिठाच्या पिशवीचे कापड, त्यावर गिरणीचे अर्धे नाव अजोन वाचता येत होते. मास्तर जमिनीकडे पाहत होते. त्या क्षणी थोरलीस मदतीची पर्वा उरली नाही. बाबांनी मान वर करावी, इतुकेच तिला हवे होते.

चष्मेवाल्या बाईंनी चष्मा लाविला, अस्तरावरून हात फिरविला, आणि म्हणाल्या, "आतून कुणाला दिसणार होतं? मग इतकी बारीक शिवण कशाला घातलीत?"

मास्तर म्हणाले, "तिला टोचू नये म्हणून."

तिसऱ्या सभासदांनी बिस्किट परत बशीत ठेविले, ही त्यांच्या कारकिर्दीतील अपूर्व गोष्ट. अध्यक्ष महाशयांनी नियमावली चाळिली. तीत अस्तराविषयी एकही कलम आढळेना, आणि कलम नसता दया करण्याचा त्यांस अधिकार आहे की नाही, तेही आढळेना. मग बाईंनी कागद ओढोन घेतला आणि स्वहस्ते लिहिले की, अस्तर पाहता मदत चालू ठेवण्यात यावी. अध्यक्षांनी सही केली. मास्तरांनी मान वर केली, आणि प्रथम कन्येकडे पाहिले. दोघेही हसले, आणि दोघांचेही डोळे भरोन आले. सेवकाने हे लिहू नये ऐसे मास्तरांचे म्हणणे, परंतु इतिहासास लाज नाही.

निकाल घेऊन थोरली खिडकीवर गेली. भाऊंनी तो वाचिला, कप खाली ठेविला, आणि आज्ञा केली की अस्तराचा फोटो, साक्षांकित करोन, दोन प्रतींत जोडावा. थोरलीने तो आधीच काढोन आणिला होता, तीन प्रतींत. भाऊंचा चेहरा पडला. शिक्का पडला. ऐसी फत्ते जाहली.

यापुढील मजकूर आपणांस कोणी सांगितला नसेल. पुढील आठवड्यात जिन्याखाली एक मोटार थांबली आणि अध्यक्ष महाशय पँट घेऊन उतरले. कंबर सैल करावयाची होती. मागाहून तिसरे सभासद आले, त्यांचीही कंबर, बिस्किटांचा परिणाम. मग चष्मेवाल्या बाई आल्या. खिडकीवाले भाऊही आले, सोबत एकच पँट घेऊन. दुसरी दुसऱ्या खेपेस आणिली. मास्तर पैसे सांगणार, इतक्यात आईसाहेब वरून जिना उतरोन धावत आल्या.

"अहो, एक पैसा घेऊ नका! उत्पन्न वाढेल."

मास्तरांनी पैसे घेतले नाहीत. कलम स्पष्ट होते, परिस्थिती पूर्ववत असावी. येणेप्रमाणे विद्यापीठ थोरलीची फी माफ करिते, आणि मास्तर विद्यापीठाच्या कंबरा माफ करितात, आणि दोहोंपैकी अर्ज फक्त एकाच पक्षास भरावा लागतो.

थोरली दुसऱ्या वर्षात आहे. कोट घरी खुंटीवर आहे, अस्तर बाहेर करोन टांगिलेला, कारण पडताळणीस कोण कधी येईल याचा नेम नाही. थंडीत ती तो सुलटा करोन घालिते, आणि कक्षाच्या इमारतीशी आली की कोपऱ्यावर थांबोन उलटा करिते. आत्यासाहेबांनी आपला आशीर्वाद असू द्यावा. तिच्या वाढदिवसास भेट द्यावीशी वाटल्यास द्यावी, परंतु कृपा करोन जुनी द्यावी. मोहीम फत्ते जाहली, याची ही नोंद.