इलेक्ट्रा गाडी कोठारात दाखल जाली त्याची हकिकत

इंडियाना प्रांतीं, वाबाश नदीचे काठी, मक्याचा मोठा मुलूख आहे. ते मुलखीं पूर्वी थोरल्या गाड्यांचे जे घराणे नांदत होते, त्याची कीर्ती आता सांगणारे थोडे आणि ऐकणारे त्याहून थोडे. म्हणोन वर्तमान जसे कळले तसे लिहिले आहे. लिहिणाराची लेखणी दुबळी, आणि ऐशा पराक्रमाजोगे शब्द आपणांपाशी आहेत की नाहीत याची त्याची त्यासच खातरी नाही. तरी अधिक-उणे वाचणारांनी पदरात घ्यावे.

त्या गाड्या कैशा म्हणाल, तर बॉनेटवर चौघांची पंगत बसावी, आणि डिकीत दोन हरणे व एक मेहुणा सुखे मावावा, आणि इंजिन आठ सिलिंडरांचे, पेट्रोल ऐसे प्यावे की पंपवाल्याने नाव घेऊन खुशाली पुसावी. वळण घेणे तर आदल्या चौकातच मनसुबा करावा लागे. आणि पुढली बैठक दिवाणाऐसी अखंड, मध्ये आडकाठी म्हणोन नाही. त्या घराण्याचा अखेरचा वंशज, ब्यूक इलेक्ट्रा, सन पंच्याहत्तरची, ताज्या लोण्याचे रंगाची, लांबीस तेरा हात, ही राजश्री व्हर्लिन स्टकी यांचे पदरी होती.

मग व्हर्लिनराव यांचे गुडघ्यांनी बंड केले, आणि खटल्याचे घर सोडोन ते आपली पत्नी आर्डिथबाई यांसह म्हाताऱ्यांचे नव्या वसाहतीत राहावयास आले. वसाहतीचा कायदा ऐसा की सूर्य मावळल्यावर कोणाचेही वाहन दृष्टीस पडो नये. गॅरेजात असावे आणि शटर भुईस टेकलेले असावे. वसाहतीच्या अध्यक्षा श्रीमती ओर्फा क्लिंगमन, करारी बाई, हाती सदैव छत्री. त्यांणी फर्माविले की रविवारी सूर्यास्तापूर्वी इलेक्ट्रा शटराआड जावी, न जाय तरी वसाहतीची हद्द सोडावी. हे ऐकोन आर्डिथबाईंचे बंधू सरदार ड्वेन यांणी ॲरिझोनाकडील एक गिऱ्हाईक परस्पर ठरवोन ठेविले. व्हर्लिनरावांस अन्न गोड लागेना.

त्या देशी चाल आहे की गॅरेजच्या छतास दोरीने टेनिसचा चेंडू टांगावा, आणि गाडी आत शिरता चेंडू समोरील काचेस टेकला की थांबावे. व्हर्लिनरावांनी जुन्या घरचा चेंडू, रंग उडालेला, देव्हाऱ्यातील टाक आणावा तैसा जपोन आणिला होता. तो पुढल्या भिंतीपासोन जुन्याच मापाने टांगिला. नवे गॅरेज मोजिले नाही, कारण की चेंडू आजवर चुकला नव्हता.

गुरुवारी पहिली स्वारी जाली. इलेक्ट्रा डुलत आत शिरली, चेंडू काचेस टेकला, रावांनी खाली उतरोन मोठ्या डौलाने कळ दाबिली, आणि शटर गडगडत उतरले, ते मागील बंपरास शिवताच भय पावोन माघारे वर गेले. पुन्हा दाबिली, पुन्हा माघार.

स्वैपाकघराचे दारातून आर्डिथबाई म्हणाल्या, "त्या शटरला कळतंय रे. तुलाच कळत नाहीये."

मग रावांनी चेंडू बाजूस सारिला, गाडी पुढल्या भिंतीस नाक लावोन उभी केली, तरी एक वीत शेपूट बाहेर राहिलेच.

मग मसलतीस बसले. ड्वेन म्हणाला, "विकून टाक, व्हर्लिन. माझी छोटी गाडी घे. खिशात घालून फिरशील."

राव म्हणाले, "तुझ्याच खिशात राहू दे ती." परंतु दुसरा उपाय त्यांसही सुचत नव्हता.

शनिवारी गिऱ्हाइकास दाखवावी म्हणोन राव बादली घेऊन गाडी धुवावयास गेले. चाके धुतली, जाळी पुसली, आणि प्रत्येक ठिकाणी फडके अंमळ जास्त वेळ फिरविले. आर्डिथबाई आतून काचा पुसावयास आल्या. या बाईंनी लग्न जाल्यापासोन इलेक्ट्रेस सवत म्हणोन हिणविले होते. त्या पुढल्या बैठकीवर सरकत सरकत अगदी मध्यभागी गेल्या, जेथे बसोन त्यांणी रावांचे खांद्यास खांदा लावोन केंटकीपावेतो मुलूख पाहिला होता, आणि तेथे थांबल्या. राव बाहेरून पाहात होते. हातचे फडके गळत होते.

मग उतरल्या त्या थेट गॅरेजच्या पुढल्या भिंतीपलीकडील आपल्या कोठारात गेल्या, आणि बीटाच्या व पीचच्या बरण्या बाहेर काढू लागल्या.

"हे काय चाललंय?" राव म्हणाले.

"ड्वेनला सांग, करवत घेऊन ये म्हणावं. सवत घरात यायची आहे, तिला जागा नको?"

"अगं, तुझं कोठार..."

"बरण्या काय, पलंगाखाली राहतील. नव्या गाड्यांत आपल्या दोघांच्या मध्ये कॉफीचे पेले बसतात. मी काय मागे जाऊन बसू?"

मग सरदार ड्वेन करवतीसह दाखल जाले, ॲरिझोनाचे गिऱ्हाइकास नकार कळविला, आणि आपलाच किल्ला आतोन फोडावयाचा ऐसा अपूर्व वेढा घातिला. भिंतीस खालचे अंगी, कंबरेइतके उंच आणि गाडीइतके रुंद, खिंडार पाडिले, आणि वर मजबूत तुळई घातिली. पांढऱ्या धुळीने तिघेही ओळखू येईनात. आर्डिथबाईंनी चेंडू आपले हाते खिंडाराच्या मापाने पुढे टांगिला.

रविवारी दिवस कलता, ड्वेन पाहावयास उभा असता, इलेक्ट्रा पुन्हा निघाली. हळूहळू तिचे नाक कोठारात शिरले, तेथील फळीखाली चारी दिवे लकाकले, चेंडू काचेस टेकला. रावांनी कळ दाबिली आणि डोळे मिटले. शटर गडगडत उतरले, आणि भुईस टेकले.

इतक्यात ओर्फाबाई छत्रीसह तपासणीस आल्या. "शटर तर खाली आहे. गाडी विकली म्हणायची."

"कोठारात आहे," आर्डिथबाई म्हणाल्या. "पिठाच्या डब्याच्या खाली बघ."

ओर्फाबाई कोठारात जाऊन वाकल्या. चकचकीत बंपरात त्यांस आपलेच तोंड दिसले. कायदा त्यांस मुखोद्गत होता, आणि त्यात कोठाराविषयी अक्षर नव्हते. मग त्या उभ्या राहिल्या, पण गेल्या नाहीत.

"माझ्या वडिलांची अशीच होती," त्या म्हणाल्या. "हिरवी. जत्रेहून येताना आम्ही पाच भावंडं मागे आडवी होऊन झोपायचो. कुणाचा पाय कुणाला लागत नसे." मग छत्रीकडे पाहात म्हणाल्या, "मागे बसू का जरा?"

व्हर्लिनराव लाजत म्हणाले, "बसायचंच आहे तर आइस्क्रीम खाऊन येऊ की."

मग शटर वर गेले, आणि स्वारी हमरस्त्याकडे कूच करिती जाली. राव चक्रापाशी, आर्डिथबाई मध्यभागी, ड्वेन खिडकीशी, आणि मागे ओर्फाबाई एकट्या, राणीसारख्या पाय पसरोन. मक्याचे शेतांमागे सूर्य टेकला. रावांस कायदा आठवला.

"ओर्फा, सूर्य मावळतोय गं."

"तू रस्त्याकडे बघ," ओर्फाबाई म्हणाल्या. "सूर्याचं मी बघते."

दुसरे दिवशी वसाहतीत फर्मान फिरले की, सूर्यास्त म्हणजे इलेक्ट्रा आत येवोन तिचे शटर भुईस टेकेल तो समय, आणि सर्वत्रांनी दिवे-वाहने त्या बेताने आवरावी. येणेप्रमाणे एक वीत मुलूख भिंतीकडून जिंकिला, बीटाच्या बरण्या पलंगाखाली रवाना जाल्या, आणि इंडियाना प्रांतीं सूर्य इलेक्ट्रेच्या सोयीने मावळू लागला.