रंगीत तालमीतली पदवी

समारंभ दुपारी तीनला होता आणि कुलगुरूंनी झगा चढवला सकाळी नऊला. रंगीत तालमीला झगा लागत नाही, हे कुलसचिवांनी दोनदा सांगून पाहिलं. पण उत्साहाच्या भरात असलेल्या माणसाला नियम सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. कुलगुरू मूळचे गणिताचे प्राध्यापक. व्याख्याता, विभागप्रमुख, अधिष्ठाता अशी एकेक पायरी चढत तीस वर्षं ते दर समारंभाला खाली खुर्चीत बसून दुसऱ्याच्या तोंडून एकच वाक्य ऐकत आले होते. "मला मिळालेल्या अधिकारान्वये मी आपणांस ही पदवी प्रदान करीत आहे." आज ते वाक्य ते स्वतः म्हणणार होते. दोन दिवस आंघोळ करताना, जिना चढताना, दूध तापवताना त्यांनी ते इतकं घोकलं होतं की दूध दोन्ही दिवस उतू गेलं.

त्यात आई आली होती. आईने चाळीस वर्षं शिलाई मशीन चालवून मुलाला शिकवलं होतं. स्वतःची शाळा चौथीत सुटली होती. "तू बोलणार ते ऐकायला आलेय," ती म्हणाली होती, "बाकीच्या भाषणात मला झोप लागेल, उठव."

तालमीला बारा माणसं हवी होती. विद्यापीठाच्या जुन्या नियमानुसार एका समारंभात विद्यावाचस्पतीच्या, म्हणजे पीएच.डी.च्या, बाराच पदव्या देतात, तेरावी नाही. खरे उमेदवार दुपारी यायचे होते, म्हणून चार माळी, तीन ड्रायव्हर, दोन शिपाई, वायरमन आणि ग्रंथालयातल्या बाई गोळा केल्या. एक माणूस कमी पडला.

"आई, तू बस गं बाराव्या खुर्चीत."

आई बसली. कुलसचिव मोठे काटेकोर. खऱ्या उमेदवारांची नावं तालमीत पुकारली तर भलता घोटाळा व्हायचा, म्हणून त्यांनी या बारा जणांची नावं सुवाच्य अक्षरात लिहून आणली होती. आणि प्रत्येक नावानंतर कुलगुरूंनी नुसतं "वगैरे वगैरे" म्हणायचं, अशी तालमीची पद्धत होती.

पहिल्या माळ्याचं नाव पुकारलं गेलं. कुलगुरू माइकपाशी उभे राहिले. समोर दिवे, मागे मखमली पडदा, अंगावर झगा! तीस वर्षांचं वाक्य घशापर्यंत येऊन थांबतंय होय! खणखणीत आवाजात त्यांनी ते पुरतं म्हटलं. मग दुसऱ्याला म्हटलं. आई पुढे आली तेव्हा तर वाक्य आणखीच सुरेख निघालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कोपऱ्यात बसलेल्या लिपिकाने सवयीने बारा नावं नोंदवहीत उतरवली.

कुलसचिवांचा चेहरा मात्र पांढराफटक पडला होता.

"सर, कलम सतरा. कुलगुरूंनी झगा घालून, व्यासपीठावरून, नाव पुकारल्यावर हे वाक्य उच्चारलं की पदवी लागू."

"म्हणजे?"

"म्हणजे बारा पदव्या दिल्या गेल्या, सर. या वर्षीच्या संपल्या."

"अहो, तालीम होती ती!"

"कलमात तालीम हा शब्दच नाही."

"पण कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय, सर," कुलसचिव म्हणाले. त्यांच्यापुढे इलाज नव्हता. नोंदवहीची पानं क्रमांकाची होती, त्यामुळे फाडायचीही सोय नव्हती. दुपारी तीनला बारा खरे विद्वान नटूनथटून येणार आणि त्यांना द्यायला काही नाही! पहिल्याच समारंभात कुलगुरूंची शोभा होणार. एकच वाट होती. पदवी मिळालेल्याने ती लेखी, कारणासह परत करायची.

कुलसचिवांनी सगळ्यांना पडद्यामागच्या खोलीत नेलं आणि बारा अर्ज छापून आणले. माळी आधी जरा घुटमळले. एकाने विचारलं, "पण विद्यावाचस्पती झाल्यावर काम काय करावं लागतं?"

"उत्तरपत्रिका तपासायच्या," कुलगुरू म्हणाले.

अकरा जणांनी पेन एकमेकांच्या हातून हिसकावून सह्या केल्या. आईने अर्जाची घडी घातली आणि पिशवीत ठेवली.

"मी नाही देणार."

"आई, चेष्टा नको. वेळ नाही."

"चेष्टा कसली? सगळ्यांसमोर दिलीस ना तू मला? दिलेलं परत मागतात का? हेच शिकवलं का मी तुला?"

कुलगुरूंची अवस्था मोठी बिकट झाली. आपलेच दात आणि आपलेच ओठ. त्यांनी केविलवाण्या नजरेने कुलसचिवांकडे पाहिलं. कुलसचिवांनी नियमांचं पुस्तक चाळून आणखी एक कलम काढलं. तोंडी परीक्षेत उमेदवार अपात्र ठरला तरी पदवी रद्द होते.

"घे की परीक्षा," आई पदर खोचल्यासारखी सरसावून बसली. "पण विषय माझा. आणि आधी तुला येतंय का ते बघते. परीक्षक शहाणा पाहिजे. सांग, तुझ्या अंगावरच्या या झग्याला कापड किती लागलं?"

कुलगुरूंना हायसं वाटलं. हे तर गणितच! त्यांनी आमंत्रणपत्रिकेच्या पाठीवर अंगाचा एक दंडगोल काढला, बाह्यांचे दोन शंकू काढले, क्षेत्रफळांची बेरीज केली. "पावणेचार मीटर."

"आणि चुण्या, दुमडी शेजाऱ्याच्या कापडाच्या घालणार? सहा मीटर. कापडाचा पन्हा लहान असेल तर सात."

कुलसचिवांनी फाइलीतून शिंप्याचं बिल काढलं आणि खाली मान घालून म्हणाले, "सर, सहा आहे."

"नापास," आई म्हणाली.

अडीच वाजले. सभागृह भरायला लागलं. कुलगुरूंनी विनवण्या केल्या, रागावून पाहिलं, पाणी प्यायले. आई ढिम्म हलली नाही. तेवढ्यात दारातून एक चाळिशीतली बाई धापा टाकत आत आली. तिच्या झग्याची खालची दुमड उसवून जमिनीवर लोळत होती.

"सर, माझं नाव बारावंच आहे ना? आल्यापासून तिसऱ्यांदा विचारतेय, आता नाही विचारणार."

कुलगुरूंनी आईकडे पाहिलं. आईचं लक्ष मात्र झग्याकडे गेलं. "असं नाचत जाणार होतीस वर? पडशील की तोंडावर! उभी राहा." तिने पिशवीतून सुई-दोरा काढला आणि खाली बसून टाके घालू लागली.

"किती वर्षं लागली गं तुला?"

"नऊ. मधे दोन मुलं झाली, मग सासरे अंथरुणाला खिळले. रात्री सगळे झोपले की लिहायचे."

"घरचं कुणी आलंय?"

"आई आलीय. तिला यातलं काही कळत नाही, पण सभागृह उघडल्यापासून पहिल्या रांगेत बसलीय. जागा जाईल म्हणून चहालाही उठली नाही."

आईचा हात क्षणभर थांबला. मग तिने शेवटचा टाका घातला, दोरा दाताने तोडला आणि त्या बाईची पाठ थोपटली. "जा, बस जाऊन आईजवळ. बारावंच आहे तुझं नाव."

ती बाहेर गेल्यावर आई म्हणाली, "पेन आणा."

कुलगुरूंना रडू आलं आणि हसूही आलं. आईने अर्ज मांडीवर पसरला. 'पदवी परत करण्याचे कारण' या रकान्यापाशी ती बराच वेळ अडली. मग एकेक अक्षर जोडत तिने तीन ओळी लिहिल्या, खाली सही केली आणि कागद मुलाकडे न देता कुलसचिवांच्या हातात दिला. कुलसचिवांनी वाचला, घसा खाकरला आणि तो कुलगुरूंपुढे धरला.

"सर, कारण मान्य असल्याचा शेरा आणि सही लागेल. मूळ प्रत कायमच्या दप्तरात राहते."

बाहेर घंटा झाली. कुलगुरूंनी वाचलं. "मुलगा फार हट्टी आहे. लहानपणापासून असाच आहे. रडायच्या आत दिलेलं बरं."

त्यांनी पेन उघडलं आणि खाली लिहिलं, "कारण तपासले. योग्य आहे. मान्य." मग सही केली, हुद्द्याचा शिक्का मारला आणि झगा सावरत व्यासपीठाकडे धावत सुटले.