पापलेट गेलं, बाप राहिला

टेस्ट आधीच करून ठेवावी, हा विचार मी केला आणि तिथूनच माझी वाट लागली. विचार तसा साधा होता. उद्या कुणी रिपोर्ट मागितला तर खिशातून काढून समोर धरायचा आणि ऐटीत पुढे जायचं. अशी तयारी ठेवणं हा माझा धंदाच आहे. परदेशी सहली काढणाऱ्या एका कंपनीत मी व्हिसा खात्यात क्लार्क आहे. आजवर मी शेकडो लोकांना स्वित्झर्लंड, जपान, इजिप्त दाखवून आणलंय. बोरिवलीच्या एका काकूंना तर लोणच्याच्या बरणीसकट न्यूझीलंडला रवाना केलं होतं. (बरणी तिकडच्या विमानतळावर जप्त झाली, पण काकू गेल्या.)

आणि या अशा माणसाला, म्हणजे मला, त्या वर्षी कांदिवलीहून मीरा रोडला जाता येत नव्हतं.

मीरा रोड आमच्या चारकोपच्या बिल्डिंगच्या गच्चीवरून दिसतं म्हटलं तरी चालेल. पण मध्ये दहिसर नाका आहे. नाक्याच्या अलीकडे मुंबई, पलीकडे ठाणे जिल्हा. एरवी ही हद्द फक्त नकाशावर असते. करोना आला आणि तिथे बॅरिकेड, तंबू आणि पोलीस आले. नियम रोज बदलायचे. सकाळी वाचलेला नियम दुपारी जुना व्हायचा.

माझी बायको नमिता पहिल्या बाळंतपणासाठी मार्चमध्ये मीरा रोडला माहेरी गेली. मग सगळं बंद झालं. मे महिन्यात मुलगी झाली. ऑगस्ट उजाडला तरी मी मुलीला हातात घेतलं नव्हतं. बारसंसुद्धा अडून राहिलं होतं, कारण आमच्या कोळ्यांत बाळाच्या कानात नाव सांगते ती आत्याच, आणि आत्या म्हणजे माझी थोरली बहीण कमळ, मढला. सासूबाईंनी एकदा फोनवर सुचवून पाहिलं, की या वेळी मामीने सांगितलं नाव तर? कमळबाय म्हणाली, "मी मेलेय काय?" विषय संपला.

शेवटी नमितानेच निकाल लावला.

"दिपेश, दोन आठवड्यांनी रविवारी बारसं. अजून थांबणार नाय. आत्याला घेऊन ये. नाय आलात तर आई म्हणते ते करू."

"अगं, पण पास..."

"तू लोकांना जपानला पाठवतोस ना? मग ये की मीरा रोडला! तुझी पोरगी माझ्या भावाला बाप समजायला लागलीय. तो खोलीत आला की हसते."

हे शेवटचं वाक्य मला लागलं. आख्खी रात्र मी मेहुण्याचा चेहरा डोळ्यांसमोर आणून त्यात हसण्यासारखं काय आहे ते शोधत होतो. सकाळी उठून टेस्टवाल्याला फोन केला.

टेस्टवाला आला तो नखशिखांत पांढऱ्या पोशाखात. लिफ्ट बंद होती, म्हणून जिन्याने चढला. त्यामुळे प्रत्येक मजल्याला त्याचं दर्शन घडलं. तो माझ्या नाकात काडी घालून गेला, आणि त्याच्या मागोमाग आमचे सेक्रेटरी विद्याधर सामंत फिनेलचा पंप घेऊन आले. आधी माझं दार फवारलं, मग पायपुसणं, मग (दार मी उघडल्यामुळे) मला. दूधवाल्याने पिशवी गेटवर ठेवायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट निगेटिव्ह आला, तो मी अभिमानाने सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. सामंतांनी खाली लिहिलं, "श्री. दिपेश यांचा रिपोर्ट निगेटिव्ह आला असला तरी सदस्यांनी घाबरून जाऊ नये."

आता राहिला पास. पाससाठी कारण द्यावं लागे, आणि कारणं ठरलेली होती. कुणी गेलं असेल तर जा, कुणी आजारी असेल तर जा, लग्न असेल तर मोजक्या माणसांत उरकून या. बारशाचं नावच नव्हतं. मरणाला जायला परवानगी होती, जन्माला नव्हती.

"मग आई आजारी आहे असं लिही," नमिता म्हणाली.

मी लिहिलं. उत्तर आलं, डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडा. ते मागायला मी सासूबाईंनाच फोन केला. (दुसऱ्या कुणाला करणार?) "मला कसला आजार झालाय म्हणे?" त्यांनी विचारलं. मी गडबडून सांगितलं, "तुम्ही निवडा." त्यानंतर सासूबाई माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या. एवढीच काय ती या प्रकरणातली कमाई.

नंतर मी खरं कारण लिहिलं आणि आश्चर्य म्हणजे पास मंजूर झाला! फक्त सोबत ताजा रिपोर्ट हवा होता. माझा शिळा झालेला. पुन्हा टेस्टवाला, पुन्हा जिना, पुन्हा सामंतांचा पंप. रिपोर्ट ताजा आला तोवर पासची मुदत संपली. नवा पास मागितला, तो येईपर्यंत रिपोर्ट शिळा. तिसऱ्यांदा टेस्टवाला आला तेव्हा मी न सांगता मान वर केली. तोही म्हणाला, "सर, तुम्हाला आता सवय झाली." पण पास काही आला नाही, आणि शनिवार आला.

शनिवारी संध्याकाळी मी कमळबायला फोन केला आणि बारसं माझ्याशिवाय, तुझ्याशिवाय होणार असं सांगितलं. खोटं कशाला सांगू, सांगताना मला रडू आलं.

"रडतोस कशाला, बाला?" ती म्हणाली. "मी तर रोज जाते नाका ओलांडून."

"काय?"

"नारळी पुनव झाली, बोटी गेल्या दर्यात. मासळी अत्यावश्यक हाय. तुझे भावोजी टेम्पो काढतात, मी मीरा रोडच्या मार्केटला माल टाकते. पास हाय मासळीचा. ड्रायव्हर, मी आणि एक मदतनीस."

"मग हे आधी नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कधी? तू आपला नाकात काड्या घालून घेत बसलास."

रविवारी सकाळी हरेश्वर भावोजींचा टेम्पो चारकोपला आला. मागे बर्फात पापलेटं, बोंबील आणि सुरमई. एका रिकाम्या खोक्यात बारशाचं सामान, म्हणजे झबलं, कुंची आणि चांदीचे वाळे. कमळबायने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी कडक इस्त्रीचा कुर्ता घातला होता आणि वर सेंट मारला होता. (मुलीला पहिल्यांदाच भेटायचं, तर छाप पडायला नको?) तिने भावोजींचा एक जुना टी-शर्ट माझ्या अंगावर फेकला. "हा घाल वरून. आणि नाक्यावर तोंड उघडू नको. मी बोलेन."

नाक्यावर गाड्यांची ही रांग! आमचा नंबर आला तेव्हा एक हवालदारबाई लाठी टेकत आल्या. पास पाहिला, भावोजींना पाहिलं, आणि माझ्यापाशी थांबल्या.

"हा कोण?"

"मदतनीस," कमळबाय म्हणाली.

"मदतनीस सेंट मारून येतो?"

"मासळीचा वास सोसत नाय त्याला," कमळबाय म्हणाली. हे इतकं खरं होतं, की बाईंनाही ते पटलं असावं. त्यांनी मागचं खोकं उघडायला लावलं. आत डोकावल्या आणि सहज म्हणून गेल्या, "कालचा दिसतोय माल."

एवढंच. त्या 'जा' म्हणणारच होत्या. त्यांचा हातसुद्धा तसा वर झाला होता. पण कोळणीला तुम्ही काहीही बोला, तिच्या मालाला शिळा म्हणू नका. कमळबाय टेम्पोतून खाली उतरली.

"कालचा? बाई, बघा कल्ले! लाल हायत का नायत? डोळा बघा. हात लावून बघा. पहाटे उतरलाय बोटीतून!"

"अहो, राहू द्या, जावा..."

"जाऊ कशी? शिळा म्हणालात!"

तिने दोन्ही हातांत दोन पापलेटं उचलून सूर्याकडे धरली. मागच्या गाडीतले एक काका काच खाली करून म्हणाले, "ओ, हे पापलेट कसं दिलं?"

मी ओरडलो, "कमळबाय, नको!" पण ती सकाळची बोहनी होती. पहिलं गिऱ्हाईक परत पाठवायचं, हे आमच्या घराण्यात कुणाला जमलेलं नाही. काकांनी जोडी घेतली. ते पाहून त्यांच्या मागच्या रिक्षातली बाई उतरली, मग दुधाच्या गाडीचा ड्रायव्हर. तासन् तास नाक्यावर खोळंबलेली माणसं ती, आणि रविवार! बघता बघता टेम्पोभोवती बाजार भरला. मी मदतनीस असल्यामुळे पिशव्या भरत होतो. (छान भरत होतो. एकीने मला "अर्धा डझन बोंबील साफ करून द्या" म्हटलं, तेव्हा मी "मॅडम, प्रोसेसिंगला वेळ लागेल" असं उत्तर दिलं.)

"गर्दी! गर्दी करू नका!" हवालदारबाई लाठी आपटत ओरडत होत्या. कुणी ऐकेना तेव्हा त्यांनी शेजारच्या तंबूतल्या टेस्टवाल्यांना हाक मारली. "या सगळ्यांच्या टेस्ट करा. एकालापण सोडू नका."

चौथ्यांदा माझ्या नाकात काडी गेली. सगळे रांगेत निकालाची वाट पाहू लागले. त्यात दोघं पॉझिटिव्ह निघाले आणि त्यांना लगेच ॲम्ब्युलन्समध्ये बसवून पलीकडच्या सेंटरला नेलं. पलीकडच्या! माझ्या डोळ्यांदेखत ॲम्ब्युलन्स मीरा रोडच्या दिशेने गेली. परीक्षेत नापास व्हावं असं मला जन्मात पहिल्यांदा वाटलं. पण माझा निकाल तोच, निगेटिव्ह.

"चला," मी भावोजींना म्हटलं. "निघू या आता."

"कुठे?" हवालदारबाईंनी टेम्पोत डोकावून पाहिलं. खोक्यांत नुसता बर्फ उरला होता. "माल कुठाय?"

"विकला," कमळबाय खुशीत म्हणाली.

"मग पलीकडे काय काम आता? पास मासळीचा आहे. मासळी संपली, टेम्पो वळवा."

कमळबायच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. मी रस्त्याकडे पाहिलं. आमचं पापलेट काकांच्या गाडीत बसून ऐटीत नाका ओलांडत होतं. बोंबील गेले, सुरमई गेली, दोन पेशंट गेले. बाप तेवढा राहिला.

मग मी टी-शर्ट काढला. आत इस्त्रीचा कुर्ता होता, तो पाहून हवालदारबाई एक पाऊल मागे सरकल्या. मी सगळं सांगून टाकलं. मार्च, मे, आजारी सासूबाई, शिळे रिपोर्ट, मेहुण्याकडे पाहून हसणारी मुलगी. कमळबायने सामानाच्या खोक्यातली कुंची काढून पुराव्यादाखल दाखवली.

"आत्याशिवाय बारसं व्हत नाय, बाई," ती म्हणाली. "मला तरी सोडा."

हवालदारबाईंनी कुंची उलटसुलट करून पाहिली. "अत्यावश्यकच्या यादीत आत्या नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हाला नाही सोडता येणार. पण त्या बाजूने बाळ बॅरिकेडपर्यंत आलं तर? तीन महिन्यांच्या पोरीला नाक्यावर उभं राहू देऊ नका, असा नियम मला अजून तरी आलेला नाही."

मी फोन केला आणि थोड्याच वेळात नमिता रिक्षातून उतरली. कुशीत दुपट्याचं गाठोडं. पाच महिन्यांनी बायकोला पाहत होतो. मला वाटलं ती रडेल. ती म्हणाली, "किती वास मारतोयस!"

कमळबायने कोपरापर्यंत हात धुतले, बॅरिकेडवरून वाकली आणि बाळाच्या कानात 'कुर्रर्र' करून नाव सांगितलं, मिहिका. आता रिवाजाप्रमाणे बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे. पण धपाटे घालणार कोण? सगळ्या बायका घरी, आणि दोन हातांचं अंतर सक्तीचं. हवालदारबाईंनी इकडे तिकडे पाहिलं आणि लांबूनच लाठीचं टोक कमळबायच्या पाठीला हळूच लावलं. एकदा, दोनदा. रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. कमळबाय डोळे पुसत हसत होती.

"घे आता," नमिता मला म्हणाली.

मी सॅनिटायझरने हात चोळले आणि मुलीला घेतलं. ती माझ्या अंदाजापेक्षा जड होती आणि खूप गरम होती. या एका क्षणासाठी मी चार वेळा नाक पुढे केलं होतं, आणि आणखी चाळीस वेळा केलं असतं.

मिहिकाने माझ्याकडे पाहिलं आणि टाहो फोडला.

"मास्क आहे ना, घाबरली," मी म्हटलं आणि मास्क खाली केला. ती दुप्पट जोरात रडायला लागली. कमळबायने खुळखुळा वाजवला, नमिताने टाळ्या वाजवल्या. पोरगी निळी पडायची वेळ आली, तेव्हा नमिताने तिला माझ्याकडून काढून घेतलं.

"तिची काय चूक? तिने तुला एवढा मोठा कधी बघितलाय? तिचा बाप फोनएवढा असतो. जा, तिकडे लांब उभा राहा आणि व्हिडिओ कॉल लाव."

मी दहा पावलं मागे, मुंबईच्या हद्दीत गेलो आणि फोन लावला. नमिताने मोबाईल बाळासमोर धरला. स्क्रीनवर माझा चेहरा आला मात्र, मिहिका रडायची थांबली, पाय झाडायला लागली आणि तोंडभर हसली. मी पण हसलो. मान वर करून खरोखरीच्या मुलीला हात केला, तर तिचं तोंड परत वाकडं झालं. मी घाईघाईने पुन्हा फोनमध्ये तोंड घातलं.

हवालदारबाई लाठी काखेत धरून हे सगळं बघत होत्या. त्यांनी आधी तिकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"दादा," त्या म्हणाल्या, "हे तर घरी बसूनपण झालं असतं की!"