उन्मेषचं गाऱ्हाणं

"आहे त्या भाषेत काय वाईट आहे?" मालिनीताईंनी विचारलं, तेव्हा घरच्या तान्ह्या बाळाला कुणी नावं ठेवावीत तसा उन्मेषचा चेहरा झाला.

रत्नागिरीतल्या त्या ऑफिसात माणसं तीनच. मालकीण मालिनीताई आणि प्रोग्रॅम लिहिणारे उन्मेष आणि सावनी. गणपतीपुळ्याच्या लॉजवाल्यांना खोल्यांच्या बुकिंगच्या वेबसाइट करून द्यायच्या, हा धंदा. सगळं काम जावास्क्रिप्टमध्ये, म्हणजे ब्राउझरला कळते त्या भाषेत चाले, आणि बरं चाले. पण बरं चाललेलं उन्मेषला बघवत नसे. शिमग्याच्या रजेवर गावी गेला तो परत येताना स्वतःची नवी प्रोग्रॅमिंगची भाषा घेऊनच आला. नाव 'गाऱ्हाणं'.

"कंसांचा पसारा नाही, काही नाही," तो रंगात आला. "वर 'बा देवा महाराजा' लिहायचं, मग सरळ मराठीत काम सांगायचं आणि शेवटी 'होय महाराजा'. बटण दाबलं की त्याचं आपोआप जावास्क्रिप्ट होतं. देवळात आपण गुरवाला साधं सांगतो आणि तो देवापुढे रीतसर गाऱ्हाणं घालतो ना, तसंच!"

"आणि ते जावास्क्रिप्ट?" सावनीने विचारलं.

"ते उघडून बघायचंसुद्धा नाही."

"कर बाबा," ताई म्हणाल्या. "पण महिपतशेठच्या लॉजचा घोळ झाला, तर त्याच दिवशी तुझं गाऱ्हाणं बंद."

उन्मेषने महिपतशेठची वेबसाइट नव्या भाषेत लिहून काढली. काम निम्म्याहून आटोपशीर झालं. तो प्रेमातच पडला. फक्त बुक झालेली खोली पुढच्या गिऱ्हाइकाला बंद करायची तेवढी राहून गेली.

महिपतशेठचा फोन आला तेव्हा उन्मेष चहाला गेला होता. एकच खोली दोघांना गेली होती. सावनीला गाऱ्हाणं येत नव्हतं. तिने थेट तयार जावास्क्रिप्ट उघडलं, खोली बंद करणारी ओळ टाकली आणि मोकळी झाली. उन्मेषला सांगितलं असतं, तर तासभर व्याख्यान ऐकावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उन्मेषला भाषेत घालायला एक झकास शब्द सुचला. त्याने तो घातला आणि बटण दाबलं. जावास्क्रिप्ट नव्याने तयार झालं आणि सावनीची ओळ गेली. पुन्हा फोन आला. सावनीने पुन्हा ओळ टाकली.

"शेठ, तुम्ही कुठे हात लावताय का?" तिने फोनवर विचारलं.

"मी कशाला हात लावू वो? मी ते मशीन अजून उघडलं पण नाय."

रोज हेच. सकाळी उन्मेष बटण दाबी, दुपारी सावनी ओळ टाकी. संध्याकाळी सगळं ठीकठाक बघून उन्मेष म्हणे, "बघ, एक तक्रार नाही!" सावनीला वाटे, लॉजलाच काहीतरी लागलंय.

शनिवारी जोडून सुट्टी आली आणि महिपतशेठचा आवाज ऑफिसभर घुमला. "ताईनू, एका खोलीला दोन बिऱ्हाडं आली हायत! एक सोलापूरचं, एक नाशिकचं. दोघांकडे माझीच पावती. शहाळी पाजून किती वेळ बसवू?"

"अहो, पण मी रोज ती ओळ टाकते!" सावनी ओरडली.

"कुठली ओळ? कुठे?" उन्मेषने विचारलं.

"जावास्क्रिप्टमध्ये."

"अगं, ते मी रोज सकाळी नव्याने बनवतो!"

ताईंनी कपाळावर हात मारला. नाशिककरांना त्यांनी आपल्या घरी उतरवून घेतलं आणि त्यांच्या बॅगा उचलायला उन्मेषला पाठवलं. सोमवारी तो ऑफिसात आला. एवढ्या हौसेने केलेली भाषा आता जाणार, या विचाराने त्याला जेवण गेलं नव्हतं.

"भाषा राहू दे," ताई म्हणाल्या. "नाशिककर पुन्हा यायचं म्हणून गेलेत, म्हणून वाचलास. पण यापुढे दुरुस्ती फक्त गाऱ्हाण्यातच. सावनी, तू ती शिकून घे."

उन्मेषला अगदी भरून आलं. सावनी मान खाली घालून कामाला लागली. चार दिवस तिने डोकं वर केलं नाही. किती मन लावून शिकतेय, असं उन्मेषला वाटत राहिलं.

शेवटी तिने त्याला बोलावलं. स्क्रीनवर ना 'बा देवा' होतं, ना 'महाराजा'.

"तुझ्या गाऱ्हाण्यात पाल्हाळ फार," ती म्हणाली. "म्हणून मी माझी एक छोटीशी भाषा केली. यात लिहिलं की त्याचं आपोआप तुझं गाऱ्हाणं होतं. पुढे त्याचं जावास्क्रिप्ट तुझं तू कर. मी ते गाऱ्हाणं उघडून बघणारसुद्धा नाही."

उन्मेषचा चेहरा पडला.

"अगं पण," तो कळवळून म्हणाला, "आहे त्या भाषेत काय वाईट आहे?"

मालिनीताईंनी चहाचा कप खाली ठेवला.

"होय महाराजा!" त्या म्हणाल्या.