निळ्या रेघेपर्यंत

वसंतअण्णांनी आख्खी सिगारेट ओढलेली आमच्या ईट गावात कोणी पाहिलेली नाही. माझे हे शेजारी निवृत्त ड्रायव्हर. त्यांचा जोडीदार शिवदास टेलर. सिगारेट घेतली की शिवदास टेपने मोजून मधोमध निळ्या खडूची रेघ मारी. रेघेपर्यंत अण्णा ओढत, पुढची शिवदास. दिवसभर हेच चाले.

"पाकिटावर लिवलेलं मरण आख्ख्या सिगारेटीचं हाय," अण्णा म्हणत. "आमी दोघांत एक वढतो. मंग मरायचं कुणी? त्याचा निकाल लागंपर्यंत दोघं बी जगतो."

पाकिटावरचा सडलेल्या घशाचा फोटो मी एकदा त्यांच्यापुढे धरला. अण्णांनी चष्मा चढवून तो नीट पाहिला.

"ह्यो ईटचा न्हाय," ते म्हणाले.

पुढे शिवदासच्या फुप्फुसात गाठ निघाली. डॉक्टरांनी सिगारेटचं नाव घेताच अण्णा त्यांच्यावर उखडले, "मंग मला कसं काय झालं न्हाय?"

खाटेवरून शिवदास म्हणाला, "अण्णा, तुमी तरी सोडा आता."

"गप पड. बरा हो आधी. तुझी निम्मी ठिवलीय."

शिवदास साठीही गाठू शकला नाही. दहाव्याला ओढ्याकाठी पिंड ठेवला. कावळा शिवला की गेलेल्याची इच्छा उरली नाही, असं मानतात. कावळे बाभळीवरून हलेनात. मुलाने आईला सांभाळण्याचा शब्द दिला. कोणी चहा ठेवला. कोणी सिगारेट ठेवली, तसे अण्णा भडकले.

"आख्खी कशाला ठिवता? त्यानं जल्मात कवा वढली न्हाय!"

सिगारेट उचलून ते पिंडापाशी उकिडवे बसले. मी मागेच उभा होतो, म्हणून मला ऐकू आलं.

"सोडली रे. जा आता."

कावळा उतरला. का उतरला, ते मला सांगता येणार नाही.

हल्ली अण्णा शिवदासच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसतात. हातात सिगारेट असते, पेटवलेली नसते. परवा टपरीवाल्याने डिवचलं, "काय अण्णा, भ्यालात व्हय शेवटी?"

"भितंय माझं खेटर! सोडली म्हणून कोण सांगतं तुला?"

"मंग पेटवा की."

अण्णांनी सिगारेट बोटांत फिरवून पाहिली.

"पेटवली असती," ते म्हणाले. "पण थांबायचं कुठं? रेघ कोण मारणार?"